खालची पेटी

१

इंदिरानगरच्या त्या रो-हाउसमध्ये नवीकोरी वस्तू शोधायची म्हटलं तर पंचाईत व्हायची. मिक्सर कुणा दुसऱ्याच्याच मोटारीवर चालायचा, टेबलफॅनला तिसऱ्याच फॅनची पाती होती, आणि देवघरातली लुकलुकती माळ एका मोडक्या प्रिंटरच्या जिवावर जळत होती. घरमालक धनराज शेवाळे सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला होता. निवृत्त झाला, पण जित्याची खोड कुठे जाते? द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत समाधानचं भंगाराचं दुकान आहे. तिथे दर शनिवारी फेरी, आणि येताना पिशवीत कुणीतरी टाकून दिलेलं काहीतरी. गच्चीवरच्या खोलीत ते उघडायचं, पुसायचं, सोल्डरिंगचे डाग द्यायचे आणि पुन्हा बोलतं करायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. धनराजच्या हौसेला वजन होतं, कारण समाधान सगळं किलोवर द्यायचा.

आशा यावर भरपूर बोलायची. आशा, म्हणजे धनराजची बायको, सगळ्यावरच भरपूर बोलायची. कॉलनीत तिला आकाशवाणी म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. "मी मेले ना, तर मलाही खोलून बघाल तुम्ही, कुठला पार्ट गेलाय म्हणून," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायची.

मग दिवाळीनंतर तिला झटका आला. उजवी बाजू गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली. खालच्या हॉलमध्ये खिडकीशी कॉट टाकली. चार-पाच शब्द उरले होते, तेही तुकड्यांत. "पा" म्हणायची, दम घ्यायची, मग "णी" यायचं. "अहो" सुद्धा दोन हप्त्यांत यायचं. आधी "अ". मग ती छताकडे बघत राहायची, जणू उरलेला शब्द तिकडे कुठे टांगलाय. मग "हो".

दिंडोरी रोडच्या एका खेड्यातून मनीषा नावाची बाई तिचं करायला यायची. सकाळी आठ ते एक, पुन्हा पाच ते आठ. मधले चार तास दोघंच. आशा खाली, धनराज वर. हाक मारायला त्याने देवघरातली पितळी घंटा आशाच्या डाव्या हाताशी बांधून दिली होती. घंटा वाजली की तो तेवीस पायऱ्या उतरून यायचा. कधीकधी फॅनच्या आवाजात घंटा ऐकू यायची नाही आणि मग त्याला अपराधी वाटायचं.

बेंगळुरूहून सुयश, त्यांचा मुलगा, फोनवर म्हणाला, "बाबा, मी एक कॅमेरा पाठवतो. आई तुम्हाला मोबाइलवर दिसत राहील, बोलताही येईल."

"मोबाइलवर बघत बसायला ती काय पार्सल आहे?" धनराज म्हणाला. "मी करतो काहीतरी."

दुकानातून आणलेली वस्तू बायकोच्या उशाशी ठेवायची, म्हणजे एकतीस वर्षांच्या हाताला कमीपणाच की.

२

समाधानच्या दुकानात तांब्याच्या तारांच्या ढिगाऱ्यामागे तो इंटरकॉम होता. तपकिरी लाकडाच्या दोन पेट्या, पुढे कापडाची जाळी. मोठी वर ठेवायची, लहान खाली. मोठीवर एक खटका होता आणि तो अंगठ्याने इतका झिजला होता की मधे खळगा पडला होता.

"कुठला रे हा?"

"एका बंद घरातनं आलाय काका. सगळं सामान एकदमच काढलं त्यांनी. बाकीचं फोडलं, हे तेवढं राहिलं." समाधानने पेट्या वजनकाट्यावर टाकल्या. "चालतो का नाय काय माहीत. तुमच्या हाताला चालंल."

असल्या जुन्या इंटरकॉममध्ये माइक नसतो. स्पीकरच ऐकतो आणि स्पीकरच बोलतो. वरचा खटका दाबला की वरच्याचा आवाज खाली जातो. खटका सोडला की खालच्या खोलीतला आवाज वर येतो. एका वेळी एकच बाजू. खालच्या पेटीला काही दाबावं लागत नाही, आणि आशाच्या एका हातासाठी हे उत्तमच होतं.

धनराजने आतली धूळ काढली, चार कंडेन्सर बदलले, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पेटी सिरीजमध्ये लावली. भंगारातली कुठलीही वस्तू तो थेट विजेवर लावत नसे. मधे एक साधा पिवळा बल्ब जोडायचा, म्हणजे मशिनला मिळणारी वीज त्या बल्बातून जाते. आत सगळं ठीक असेल तर बल्ब विझलेला राहतो, फार तर त्याची तार लालसर होते. आत काही बिघडलं असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मशिन जळण्याआधी माणसाला कळतं. नवीन वस्तू महिनाभर सिरीजमध्ये ठेवायची हा त्याचा नियम. कारखान्यातल्या पोरांना तो एकच गोष्ट शिकवायचा: बल्ब पेटला की हात काढायचा. कारण नंतर शोधायचं.

जिन्याच्या कठड्यावरून वायर खाली नेली. लहान पेटी आशाच्या उशाशी ठेवली. घंटा सोडवली, चिंचेने घासून लखलखीत केली आणि देवघरात परत ठेवली. आता तिचं काही काम नव्हतं.

"आशा, मी वर जातो. मग मला हाक मार. हळू मारलीस तरी चालेल."

तिने मान हलवली. तो वर गेला, स्टुलावर बसला, खटक्यावरून बोट काढलं. जाळीतून खिडकीबाहेरची चिमणी ऐकू आली, फॅनची घरघर ऐकू आली. मग बल्बातली तार किंचित लाल झाली.

"अहो."

धनराजला केवढा आनंद झाला. तो उठून जिना उतरायला लागला, आणि बाराव्या-तेराव्या पायरीवर थांबला. काहीतरी चुकलं होतं. काय ते कळायला थोडा वेळ लागला.

शब्द अख्खा होता.

खाली आशा डोळे मिटून पडली होती. तोंड एका बाजूने किंचित उघडं. श्वास एकसारखा, झोपेतला.

३

यंत्र कळणाऱ्या माणसाला कारण सापडतंच. जुन्या ॲम्प्लिफायरला बारीक आवाज पकडता येत नाहीत. दोन तुकड्यांमधली फट त्याने गिळली असेल. आणि हाक मारल्यावर मिनिटभरात डोळा लागणं हे आजारी माणसाच्या बाबतीत नवल नव्हे. झालं. त्याचं समाधान झालं आणि तो पुन्हा वर जाऊन बसला.

चार दिवस नुसतंच "अहो" येत राहिलं. तो खाली जायचा, ती कधी जागी असायची, कधी नसायची. काही हवंय का विचारलं तर बघत राहायची. पाचव्या दुपारी बल्ब लालसर झाला आणि पेटी म्हणाली, "अहो, काही नको. नुसतं बोला ना."

धनराजच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर पडला.

आवाज आशाचा होता. आजारापूर्वीचा, वाक्याच्या शेवटी थोडा वर चढणारा. त्याने खटका दाबला आणि विचारलं, "आशा? तू बोललीस?"

"मग काय पेटी बोलली?"

तो धावत खाली गेला. आशा जागी होती. त्याने तिचा हात धरला, "परत बोल, परत बोल एकदा," म्हणाला. तिने ओठ हलवले. "अ," म्हणाली. छताकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी व्यायाम घ्यायला येणारे डॉक्टर म्हणाले, "होतं असं. समोर कुणी नसलं की दडपण नसतं, एकट्यात जास्त बोलतात पेशंट. घाई करू नका. बोलायला लावू नका." बुडत्या धनराजला तेवढी काडी पुरे होती.

दुसऱ्या दिवशी पेटीनेही तेच सांगितलं. "खाली येऊ नका हं. तुम्ही समोर आलात की माझी जीभ अडते. लाज वाटते. इथूनच बोलू."

धनराज रडला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा, टेबलावर कोपर टेकून, पोटभर रडला.

४

जेवणं आटोपून मनीषा गेली की तो वर जायचा. आधी दोनला, मग दीडला, मग मनीषा चपला घालत असतानाच. वर जाण्याआधी दाढी करायला लागला. आपण हे का करतोय याचं त्याला हसूही आलं, पण केली.

पेटी दिंडोरीच्या गोष्टी सांगायची. आशाचं माहेर तिथलं. वडील पुंजाबाबांची द्राक्षबाग, विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी कापायच्या दिवसांत बायका कात्र्या घेऊन मांडवाखाली कशा रांगेने उभ्या राहायच्या, मान वर करून करून संध्याकाळी खाली कशी होत नसे. एकदा सांगता सांगता म्हणाली, "आणि तुम्ही तो ट्रान्झिस्टर गोठ्यामागे बसून खोलला होतात. आतली तार तोंडात धरलीत आणि जीभ भाजली. कुणाला सांगितलं नाहीत."

धनराज त्या वेळी नऊ वर्षांचा होता. कुणालाच सांगितलं नव्हतं हे खरं. पण चौतीस वर्षांच्या संसारात कधीतरी तिला सांगितलं असेल, त्याशिवाय का तिला माहीत? त्याने ते तिथेच सोडून दिलं.

खालचे दिवस मात्र त्याला जड व्हायला लागले. वर जी एवढी बोलते ती खाली आली की मुकी. भरवताना डाळ हनुवटीवरून ओघळायची, आणि ती पुसताना त्याच्या मनात चीड यायची. मग चिडीचीच लाज वाटायची. दुधाची तहान ताकावर भागवणं वेगळं. इथे तर वर दूध मिळत होतं आणि खाली रिकामं भांडं घासायचं होतं. असा विचार आपल्या डोक्यात आला हे त्याने स्वतःपाशीही कबूल केलं नाही.

एका सकाळी तिचे केस विंचरताना तो म्हणाला, "काल किती छान बोललीस गं. मला सगळं आठवलं. ती निळी साडी."

आशाने डाव्या हाताने त्याची बाही पकडली. बोटांत बरीच ताकद होती. "ना," म्हणाली. थांबली. घशातून नुसता वारा आला. मग पुन्हा, "ना."

"बरं बरं," तो म्हणाला, "खाली नाही बोलायचं. माहीत आहे मला." त्याने हळूच बाही सोडवून घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. असल्या आजारात डोळे उगाचच वाहतात, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

५

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मनीषा गच्चीवर आली. ती कधी वर येत नसे.

"काका, ते खालचं हाय ना..."

पेटी तेव्हा बोलत होती. धनराजने मान न वळवता हात वर केला. थांब, असा.

मनीषा उंबऱ्यात उभी राहिली. पेटी तेवढ्यात गप्प झाली होती, त्यामुळे तिला काय ऐकू आलं, काय नाही, कोण जाणे. थोडा वेळ तिने वाट पाहिली, पदराला हात पुसले आणि ती उतरून गेली. काय सांगायला आली होती हे तिला संध्याकाळी विचारायचं असं त्याने ठरवलं. संध्याकाळी विसरला.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे चिमणी आणि फॅन ऐकू येईनासे झाले. पेटीतून आता फक्त आशाचा आवाज यायचा, मागे काही नाही, स्वच्छ. त्याला वाटलं, कंडेन्सर आता मुरले. दुसरं म्हणजे बल्ब. आधी बोलताना तार नुसती लालसर व्हायची. आता ती पिवळी व्हायला लागली आणि टेबलावर बोटांची सावली पडायला लागली.

कारखान्यातल्या धनराजने लगेच पेटी उघडली असती. या धनराजने ठरवलं, रविवारी बघू. पेटी उघडायची म्हणजे ती बंद करावी लागणार, आणि एक दुपार जाणार.

दुपार संपल्यावर खाली जायचा तेव्हा हॉलमध्ये काहीतरी वेगळं आहे असं त्याला वाटायचं. उशाशी कसलीशी जागा मोकळी दिसायची. पण मनीषा तिथे पाच वेळा आवराआवर करते; पेटी सरकवली असेल पडद्यामागे. आवाज तर येतोच आहे, मग बघायचं काय?

६

त्या दिवशी कॉलनीच्या गणपतीच्या मांडवातही शांतता होती. दुपारची साडेतीनची वेळ, जेवून सगळे आडवे झालेले. पेटी बोलत होती. सुयश लहान असताना पंचवटीत हरवला होता आणि कुल्फीवाल्याच्या गाडीवर चढून बसलेला सापडला, ती गोष्ट. धनराज गाल हातावर टेकून ऐकत होता, अंगठा खटक्याच्या खळग्यात. मधे मधे दाबायचा, "हो ना," म्हणायचा, हसायचा, सोडायचा.

खालून आवाज आला. टण. मग तीन-चार वेळा, टण टण टण. धातूवर धातू.

"हा कसला आवाज?" त्याने विचारलं.

"शेजारी फरशी बसवतायत," पेटी म्हणाली. "मग काय झालं, ऐका ना, तो कुल्फीवाला म्हणाला..."

शेजारी फरशीचं काम झालं होतं खरं. पण ते उन्हाळ्यात झालं होतं. धनराजला ते आठवलं आणि त्याच वेळी बल्बाकडे त्याची नजर गेली.

बल्ब पूर्ण पेटला होता. दुपारच्या उजेडातही खोलीच्या भिंती पिवळ्या झाल्या होत्या. म्हणजे ती पेटी येईल तेवढी सगळी वीज ओढत होती. अशा वेळी काय करायचं हे त्याने दोनशे पोरांना शिकवलं होतं.

टण टण टण टण. आता घाईने, वेडंवाकडं.

तो अर्धवट उठला.

"आता उठू नका," पेटी म्हणाली. लाडाने म्हणाली, लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणायची तशी. "एवढं ऐका. मी पुन्हा नाही सांगणार ही गोष्ट."

त्याला उठायचं होतं. हे नंतर त्याने स्वतःला हजारदा सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण उठायचं असणं आणि उठणं यात एक स्टूल असतं. तो त्यावर परत बसला.

आवाज हळू झाला. टण. बराच वेळ काही नाही. टण.

मग थांबला.

"बघा," पेटी म्हणाली, "थांबलं."

आणि बल्ब विझला.

७

पाच वाजता मनीषाने जिन्याच्या तळाशी उभं राहून हाक मारली. ओरडली नाही. "काका," एवढंच म्हणाली, आणि त्या एका शब्दावरून त्याला कळलं.

उलटी घशात अडकली होती. डॉक्टर म्हणाले, कुणी नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी पुरे होतं. कॉटखाली स्टीलची वाटी पालथी पडली होती. चमचा आशाच्या डाव्या मुठीत होता आणि मूठ सोडवायला दोघांना जोर लावावा लागला.

सुयश आला. अमरधाममध्ये अग्नी दिला, दहावं झालं. कावळा शिवायला फार वेळ लागला, घाटावर माणसं कुजबुजायला लागली. सगळे आशाच्या आवडीच्या पदार्थांची नावं एकेक करून घेत होते, तिच्या इच्छा पुरवायची वचनं देत होते. धनराजच्याने कसलंही वचन देववेना.

तेराव्यानंतर मनीषा शेवटचे पैसे घ्यायला आली, तेव्हा तिने कपाटावरून एक गाठोडं काढलं. आशाच्या जुन्या पातळाचा तुकडा, आत खालची पेटी. वायर तिच्याभोवती नीट गुंडाळलेली.

"हे ठिवा काका तुमचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच काढलं व्हतं मी."

धनराज वायरच्या टोकाकडे बघत राहिला. पोळ्याचा दुसरा दिवस ते तो दिवस, मधे नऊ दुपारी होत्या. त्या नऊ दुपारी पेटी सर्वांत जास्त बोलली होती.

"का काढलंस?"

"काकू लय रडायच्या ना. तुमी वरून बोलायचे, हसायचे, ते ऐकून." मनीषा जमिनीकडे बघत होती. "तुकड्या-तुकड्यानं सांगितलं मला. म्हने नाव माझं घेत्यात आन् बोलत्यात तिच्याशी. ती कोन, म्हनलं काकू? तर नुसतं वर बोट दाखवायच्या. मी सांगाया आले व्हते तुमाला. तुमी हातानं थांब म्हनले."

"आणि घंटा? घंटा तरी द्यायचीस."

"देवाची घंटा मी कशी उचलू, तुमाला न इचारता? म्हनून वाटी-चमचा दिला."

ती गेल्यावर धनराज बराच वेळ देवघरासमोर उभा होता. घंटा त्याने इतकी छान घासली होती की महिना उलटला तरी चकाकत होती.

८

"सगळं काढून टाका बाबा," सुयश म्हणाला, "आणि चला माझ्याकडे." धनराज हो म्हणाला. समाधान दुसऱ्या दिवशी टेम्पो आणणार होता. सुयश बँकेच्या कामाला गेला, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला.

मोडीत काढण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा चालवून बघायची, हाही धनराजचा एक रिवाज. जिवंत वस्तू किलोवर विकू नये. त्यासाठीच त्याने वायर पुन्हा कठड्यावरून खाली सोडली, असं तो स्वतःला सांगत होता. खरं म्हणजे त्याला एकदा ऐकायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या की माफी मागायची होती, ते त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

वर जाऊन त्याने बल्ब जोडला, पेटी चालू केली, खटका दाबला. सोडला. काही नाही. बल्ब विझलेलाच. अर्धा तास बसला. मग खाली आला, लहान पेटी कॉटच्या उशाशी होती तिथे ठेवली, वायर जोडली आणि रिकाम्या गादीच्या कडेवर बसला. मनीषाने धुऊन ठेवलेली वाटी आणि चमचा खिडकीत तसेच होते. घड्याळात साडेतीन झाले होते.

खालच्या पेटीत बारीक "टक" झालं.

हा आवाज तो ओळखत होता. वरचा खटका दाबला की तो होतो, दुसऱ्या कशाने होत नाही. वर कुणी नव्हतं.

"हो ना," पेटी म्हणाली, आणि हसली.

आवाज पुरुषाचा होता. थोडा घोगरा, दाढी करून ताजातवाना झालेल्या माणसाचा. धनराजला तो आधी ओळखता आला नाही, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही. टक. शांतता. वरच्याला कुणीतरी काहीतरी सांगत असणार, पण ते खाली यायची सोयच त्या यंत्रात नव्हती. टक. "मग? मग काय म्हणाला तो, आशा?" एवढ्या मायेने. खाली बसून ते ऐकणं किती वाईट होतं, हे आता त्याला कळलं.

तो उठला आणि जिन्यापाशी गेला. जिन्याचं वळण दिवसाही अंधारलेलं असतं. वळणाची भिंत वरून येणाऱ्या उजेडाने पिवळी झाली होती, आणि त्या पिवळ्यात एक सावली होती. स्टुलावर बसलेल्या माणसाची, गाल हातावर टेकलेल्या. सावलीने मान डोलावली.

धनराज पहिल्या पायरीवर उजवा पाय टाकायला गेला. पाय उचलला गेला नाही. त्याने खाली वाकून पायाकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. कठडा धरायला गेला तर उजवा हात तिथवर पोचलाच नाही. भिंत, टेबल, कॉट असं घसटत तो मागे आला आणि गादीवर आडवा कोसळला. वरच्याला हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

"अ," तो म्हणाला. उरलेलं आलं नाही. वर छत होतं, नुसतं पांढरं.

सुयश संध्याकाळी येणार होता. धनराजने डाव्या हाताने खिडकी चाचपली. आधी चमचा लागला, मग वाटी. वाटी छातीवर ठेवून त्याने जोराने वाजवली. टण. टण टण टण.

पेटीत टक झालं.

"हा कसला आवाज?" वरच्या धनराजने विचारलं.

टक. वर कुणीतरी उत्तर देत होतं. खालचा धनराज वाजवत राहिला, घाईने, वेडंवाकडं. एखादं वाक्य बोलायला लागतो तेवढाच वेळ गेला.

टक.

"अच्छा," वरचा धनराज म्हणाला. "बरं, मग पुढे सांग."